मोजदाद : मुंबईच्या फुटपाथांवरील संसारांची हकीकत

मुंबईस नशीब काढावयास गेलेल्या गोमंतकीयाला पहिली रात्र कोठे काढावी ही विवंचना सहसा पडत नसे. शहरात पाऊल ठेवले की धोबी तलाव किंवा माझगाव विचारीत तो आपल्या गावाच्या कुडीवर जाई. तेथे भिंतीकडेला त्याची पत्र्याची पेटी राही, रात्री चटई पसरण्याइतकी भुई मिळे, संध्याकाळच्या तेर्साला गावची माणसे भेटत. आणि महिन्याची किरकोळ वर्गणी भरली म्हणजे जहाजावर काम लागेपर्यंत त्याला तेथून कोणी उठवीत नसे. रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या गिरणीकामगाराची सोय जवळजवळ हीच. लालबाग-परळच्या चाळीत गावकीची एक खोली असे. तिच्यात दहा जणांच्या जागी वीस-पंचवीस माणसे गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने निजत आणि शेजारची खानावळवाली बाई दोन वेळा जेवू घाली. कूड काय किंवा गावकीची खोली काय, या संस्था सरकारने काढल्या नाहीत. शहरात आपला माणूस उघड्यावर पडू नये म्हणून गावांनी त्या काढल्या, आणि गावांनीच चालविल्या.

पण गाव पाठीशी असणे हीदेखील एक मिळकतच आहे आणि ती सर्वांच्या वाट्याला येत नाही. ज्याला गावी गुंठाभर जमीन नाही, गावकीत शब्द नाही, दुष्काळाने ज्याचे कामही गेले आणि घरही गेले, अशा माणसासाठी मुंबईत कोठलीही कूड नव्हती. तो स्टेशनाबाहेर पडला आणि जेथे काम मिळाले त्याच्या जवळात जवळच्या फुटपाथवर बसला. या माणसांचे पुढे काय झाले, त्यांना छप्पर देण्याच्या कामी नगरपालिका, सरकार, न्यायालय आणि खाजगी संस्था यांनी काय केले आणि मुख्य म्हणजे त्या माणसांनी स्वतः काय केले, याची ही हकीकत आहे.

घरे पाडून घरांचा प्रश्न सोडविण्याची खटपट मुंबईत फार जुनी. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात एका रोग्याला गाठीचा ताप आल्याचे निदान डॉ. आकासियु गाब्रियेल व्हिएगश यांनी केले. हे डॉक्टर मूळचे बारदेशातले. हा ताप म्हणजे प्लेग, हे ओळखून तसे उघड बोलून दाखविणारे ते मुंबईतले पहिले गृहस्थ. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९८ साली, सरकारने कायदा करून मुंबई सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. कोंदट वस्त्या फोडून शहरात वारा आणि उजेड आणावयाचा हा ट्रस्टचा हेतू. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या रानात नव्या वसाहती आखल्या. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु ज्यांची बिऱ्हाडे पाडली ती माणसे दादरला गेली नाहीत. ती शेजारच्या चाळीत आणखी दाटीने शिरली. पाडकाम दिवसांत होते आणि बांधकामाला वर्षे लागतात. ट्रस्टने पहिल्या काळात जितकी माणसे उठविली तितक्यांसाठी खोल्या काही उभ्या केल्या नाहीत. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे २०७ सिमेंटच्या चाळी बांधल्या. त्या आजवर 'बीडीडी चाळी' म्हणूनच ओळखल्या जातात. या दोन्ही खात्यांच्या दफ्तरी खोल्यांचा हिशेब चोख आहे. मात्र खोलीच्या बाहेर निजणाऱ्यांचा हिशेब त्यांनी ठेवला नाही, कारण असा माणूस भाडेकरू नव्हता आणि मालकही नव्हता.

पुढे हा प्रश्न साठत गेला. फाळणीचे निर्वासित आले, गिरण्या आणि गोदी वाढली, १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि नगर-सोलापूरकडची कुटुंबेच्या कुटुंबे उठविली. १९७६ च्या जानेवारीत राज्य सरकारने झोपडपट्ट्यांची मोजणी करून रहिवाशांना ओळखपत्रे दिली. ज्याच्यापाशी ते ओळखपत्र, त्याची झोपडी हलवावयाची तर त्याला दुसरी जागा देणे सरकारने मान्य केले. कागदाचे सामर्थ्य गरिबाला प्रथम कळले ते येथे. पण बहुतेक फुटपाथवासी त्या मोजणीत आलेच नाहीत. झोपडपट्टी म्हणजे जमिनीचा एक तुकडा आणि त्यावरची वस्ती. फुटपाथ हा रस्त्याचा भाग, आणि रस्त्यावर वस्ती असूच शकत नाही, असा तो कारकुनी तर्क. जे असू शकत नाही ते मोजावयाचे तरी कसे?

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईतील सर्व फुटपाथवासीयांना हटवून आपापल्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठविण्यात येईल. दिवस पावसाळ्याचे. दहा दिवसांनी, २३ जुलै रोजी, पाडकाम झाले. ज्यांची घरे गेली त्यांतल्या काहींनी, पत्रकार ओल्गा टेलिस यांनी आणि नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. प्रथम उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. निकालपत्रात त्या अर्जदारांपैकी दोघांची हकीकत थोडक्यात आली आहे. कायद्याच्या ग्रंथांत ती एरवी तळटीपेत जाते. आम्हाला मात्र ती सबंध प्रकरणाचे सार वाटते.

त्यांतला एक सेलमकडचा भूमिहीन शेतमजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ साली मुंबईस आला आणि दहिसरला एका रासायनिक कारखान्यात रोजावर लागला. खटल्याच्या वेळी रोज २३ रुपये. फुटपाथवर प्लास्टिकचा आणि ताडपत्रीचा आडोसा उभा करू देण्याबद्दल तेथल्या झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. त्या आडोशात तो, त्याची बायको आणि तीन मुली राहत. दुसरा नगर जिल्ह्यातील संगमनेरचा चर्मकार. गावी दिवसाकाठी सात-आठ रुपये मिळत. पण गावचे घरच कोसळले तेव्हा १९६९ साली तो मुंबईस आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने स्थानिक गुंडाला ३०० रुपये दिले, आणि बांबू व प्लास्टिक यांना ७०० रुपये घातले. म्हणजे फुटपाथवरचे घर फुकटचे असते ही समजूत खोटी. पागडी देण्याची मुंबईची रीत फुटपाथलाही चुकली नव्हती; फरक इतकाच की तिची पावती कोणी देत नसे.

२३ जुलैला सेलमच्या त्या मजुराचा आडोसा पाडला आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसविले. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र काम शोधीत परत मुंबईस आला आणि पुन्हा एका फुटपाथवरच राहिला. सरकारच्या त्या मोहिमेचे फलित याहून वेगळे काही सांगता येईल असे वाटत नाही. पोट मुंबईत आणि घर सेलमला, अशी वाटणी बस पाठवून होत नाही.

सर्वोच्च न्यायालयात फुटपाथवासीयांची बाजू इंदिरा जयसिंग आणि वि. म. तारकुंडे या मंडळींनी मांडली. पालिकेची भिस्त १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातील ३१४ व्या कलमावर होती. रस्त्यावरील अतिक्रमण नोटीस न देता हटविण्याचा अधिकार ते कलम आयुक्तांना देते. शिवाय पालिकेचे म्हणणे असे की फुटपाथवर राहण्याचा मूलभूत हक्क नाही हे यांच्या वकिलांनी उच्च न्यायालयात एकदा कबूल केले आहे, आता शब्द फिरविता येणार नाही. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी १० जुलै १९८५ रोजी दिला, आणि दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. पालिकेचा दुसरा मुद्दा त्यांनी सरळ फेटाळला : मूलभूत हक्क वकिलाच्या कबुलीने बुडत नाहीत. घटनेच्या एकविसाव्या कलमात जगण्याचा हक्क आहे, आणि उपजीविकेचे साधन काढून घेतले तर जगणे राहत नाही. म्हणून उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायालयाने म्हटले. फुटपाथवासी तेथे राहतात ते काम जवळ आहे म्हणून. त्यांना तेथून उठविणे म्हणजे त्यांचे काम काढून घेणे, ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केली. आज जगभर कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अभ्यासतात तो याच भागासाठी.

पण निकालाचा दुसरा भागही वाचला पाहिजे. ३१४ वे कलम न्यायालयाने रद्द केले नाही. अधिकार राहू द्यावा, पण तो सामान्यतः नोटीस देऊन, माणसाचे ऐकून घेऊन वापरावा, असा त्याचा अर्थ लावला. १९७६ च्या मोजणीत ज्यांची नावे आली त्यांना मालवणीस पर्यायी जागा द्यावी, मात्र ती आधी दिल्याशिवाय हटवू नये असे नव्हे. आणि पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला उठवू नये. तत्त्व मोठे मिळाले आणि मुदत चार महिन्यांचीही मिळाली नाही. ज्याचे नाव १९७६ च्या यादीत नव्हते त्याच्या हाती त्या तत्त्वाखेरीज काहीच पडले नाही.

येथून पुढचा भाग न्यायालयाबाहेरचा आहे, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा. नागपाड्याला 'नेबरहुड हाउस' नावाची एक समाजसेवेची संस्था आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी ती सुरू केली. हेच गृहस्थ पुढे टाटांच्या समाजकार्य-विद्यालयाचे पहिले संचालक झाले. या नेबरहुड हाउसात काम करणाऱ्या शीला पटेल आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की संस्थेच्या दारासमोरच्या फुटपाथवर ज्या बायका राहतात त्यांना संस्थेच्या चौकटीत राहून उपयोगी पडता येत नाही. १९८४ साली त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी 'स्पार्क' ही संस्था काढली. कामाचे क्षेत्र ठरविले भायखळा आणि आसपासचे फुटपाथ, आणि काम ठरविले बायकांशी बोलण्याचे. त्या बायकांनी प्रथम विचारले ते घराविषयी नाही, पाडकामाविषयी : गाडी येते तेव्हा आम्ही काय करावे?

१९८५ च्या त्या चार महिन्यांत सर्वांनाच एक गोष्ट स्पष्ट झाली. ऑक्टोबर संपल्यावर गाड्या येणार. पण येऊन किती माणसांना उठविणार हे पालिकेला ठाऊक नाही, सरकारला ठाऊक नाही, आणि खुद्द फुटपाथवासीयांनाही ठाऊक नाही. तेव्हा मोजावयाचे ठरले. पालिकेच्या 'ई' वॉर्डातील फुटपाथ आणि शहरातील काही मोठे रस्ते धरून सुमारे ६,००० कुटुंबांची, म्हणजे २७,००० च्या आसपास माणसांची, घरोघर मोजणी झाली. त्यावरून इंग्रजीत एक अहवाल निघाला. त्याच्या नावाचा अर्थ 'आम्ही, न दिसणारी माणसे' असा होतो.

फुटपाथवासी म्हणजे भिकारी, चोर आणि कालपरवा आलेले उपरे, असा जो पांढरपेशा समज होता त्याला या मोजणीने मोठा धक्का दिला. ही माणसे एकटीदुकटी आलेली नव्हती. कुटुंबे होती, आणि पुष्कळ कुटुंबांची त्याच फुटपाथवर दहा-दहा, वीस-वीस वर्षे गेली होती. आली होती ती देशातल्या दरिद्री जिल्ह्यांतून, आणि गावी बहुतेकांपाशी जमीन नव्हती. पुरुष हमाली, हातगाडी, बांधकाम करीत. बायका धुणीभांडी, फेरीचा धंदा, भंगार वेचणे. जवळजवळ सर्वांचे काम चालत जाण्याच्या अंतरावर. भायखळ्याच्या बंगल्यात आणि दुकानात स्वस्त मजुरी मिळत होती ती फुटपाथवर कोणी भाडे न घेता मजूर ठेवून घेतले म्हणून, हा हिशेब वाचकाने आपल्याशी करून पाहावा. पाणी त्यांना हंड्याहंड्याने विकत घ्यावे लागे आणि नळाच्या पाण्याहून ते कितीतरी महाग पडे.

३१ ऑक्टोबर उलटला. ज्याची धास्ती होती तसे सरसकट पाडकाम झाले नाही. एकेका रस्त्यावर मात्र गाडी येतच राहिली. बायकांनी एक नवी रीत काढली. पालिकेच्या माणसांशी हुज्जत घालण्याऐवजी त्यांनी आपणच आपले घर उतरवून द्यावयाचे, म्हणजे बांबू, पत्रा आणि भांडी जप्त होत नाहीत. गाडी गेली की पुन्हा उभे करावयाचे. हा पराभव होता असे कोणास वाटेल. पण जिचा संसार दर वर्षी दोनदा जप्त होतो तिला हजार रुपयांचे सामान वाचणे म्हणजे काय ते ठाऊक असते. शिवाय त्या निमित्ताने पाडणारे आणि पाडले जाणारे प्रथमच एकमेकांशी बोलले. स्पार्कची बैठकीची जागादेखील पालिकेच्याच एका दवाखान्याच्या आवारात होती, हेही येथे नमूद करावयास हवे. पालिका म्हणजे केवळ ती गाडी नव्हे. तिच्या एका खात्याने जागा दिली आणि दुसऱ्या खात्याने घरे पाडली.

१९८६ साली या बायकांनी 'महिला मिलन' ही आपली संघटना बांधली. तिचा पाया बचतीचा. एक बाई रोज घरोघर फिरून रुपया-दोन रुपये गोळा करी. बहुतेकींना लिहितावाचता येत नसे. म्हणून प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी, आणि जेवढी रक्कम दिली तेवढ्याचे रंगीत कागदी चौकोन त्या पिशवीत. अमुक रंग म्हणजे अमुक रुपये. बँकेच्या पासबुकाची ही सोपी आवृत्ती. पोर आजारी पडले, गाडी येऊन गेली, रेशनला पैसे नाहीत, अशा वेळी याच गल्ल्यातून उसने मिळे. रेशनकार्डासाठी कचेरीत जाऊन अर्ज कसा भरावा, कारकुनाने हाकलले तर पुन्हा दुसऱ्या दिवशी दहा जणींनी मिळून कसे जावे, हे शिक्षण त्यांनी एकमेकींना दिले. रेशनकार्ड म्हणजे धान्य आणि रॉकेल तर खरेच. पण पत्ता असलेला तो पहिला सरकारी कागद होता.

याच सुमारास त्यांना भेटले ते जॉकिन अर्पुथम. मूळचे कोलार गोल्ड फील्ड्‌सचे. तरुणपणी मुंबईस आले, स्वतःही रस्त्यावर राहिले, आणि मानखुर्दच्या जनता कॉलनीत पुढारी झाले. अणुशक्ती केंद्राला जागा हवी म्हणून १९७६ साली ती सबंध वस्ती उठविण्यात आली आणि हजारो कुटुंबे चीता कॅम्पला गेली. उभी वस्ती एका झटक्यात कशी जाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते थांबविण्यासाठी न्यायालय, मोर्चा, दिल्ली असे सगळे उपाय करून हरलेही होते. सत्तरच्या दशकात त्यांनी झोपडपट्टीवासीयांचे राष्ट्रीय फेडरेशन उभे केले. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ साली ते वारले. भायखळ्याच्या बायका, स्पार्क आणि हे फेडरेशन अशी तिघांची युती जमली. हरलेल्या लढाईतून अर्पुथम यांनी एकच धडा घेतला होता : सरकार 'जागा नाही' म्हणते तेव्हा जागा आपण दाखवावयाची.

आणि खरोखरच त्या बायकांनी ती दाखविली. शहराचा विकास आराखडा त्यांना समजावून देण्यात आला. गरिबांच्या घरांसाठी म्हणून राखलेल्या जमिनी कोठे आहेत हे पाहत, बसने हिंडून त्या मोकळ्या जागा पाहून आल्या. त्यानंतर घर कसे असावे यावर बसल्या. मोजपट्टी त्यांच्या हातची नव्हती, साडी होती. साडीच्या लांबीने भिंत मोजली, साडीने दाराची उंची मोजली. चौदा फूट उंचीची खोली करावी म्हणजे वर माळा निघेल. खाली चूल आणि शिवणयंत्र, वर पोरे निजतील. संडास घरात नको, काही घरांत मिळून असावा, कारण एवढ्याशा घरात तो नीट राहणार नाही. १९८७ साली भायखळ्यात या घराची खऱ्या मापाची प्रतिकृती लाकूड आणि कापड यांची उभी केली आणि लोकांना, पालिकेच्या इंजिनियरांना, सरकारी अधिकाऱ्यांना पाहावयास बोलाविले. फुटपाथवर राहणारी बाई इंजिनियराला माळ्याचा उपयोग समजावून सांगत आहे, हे दृश्य मुंबईच्या नगररचनेच्या इतिहासात यापूर्वी कधी घडल्याचे ऐकिवात नाही.

मग आठ वर्षे काही झाले नाही. इतिहास लिहिताना अशी वर्षे एका ओळीत जातात; त्या बायकांना ती प्लास्टिकखाली आठ पावसाळे म्हणून काढावी लागली.

१९९५ साली राज्य सरकारने झोपडपट्टी पुनर्वसनाची नवी योजना आणली आणि तिच्यात फुटपाथवासीयांना प्रथमच इतर झोपडीधारकांच्या बरोबरीने स्थान दिले. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असेल त्याला २२५ चौरस फुटांचे घर. पुरावा कोठला? तोच : १९८५ ची मोजणी, रेशनकार्ड, मतदारयादीतले नाव. ज्या कागदांसाठी दहा वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले ते आता कामास आले. पुढे भायखळा आणि पी. डिमेलो रस्ता येथील फुटपाथवरची अनेक कुटुंबे मानखुर्दला 'मिलन नगर' या नावाच्या इमारतीत राहावयास गेली. नाव त्यांच्या संघटनेचे. कोणाला कोणता मजला हे बाहेरून ठरविले नाही. शेजार जमून ठरला.

याच युतीकडे रेल्वेच्या रुळांकडेला राहणाऱ्यांचेही काम आले. गाड्यांचा वेग वाढवावयाचा तर रूळ मोकळे हवेत, आणि प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेची अट अशी की पुनर्वसनाशिवाय कोणाला हटवू नये. मोजणी, याद्या, गटांची बांधणी लोकांनीच केली, आणि दोन-तीन वर्षांत ६०,००० च्या आसपास माणसे बळजबरीशिवाय हलली. परंतु त्याच प्रकल्पाच्या रस्त्यांच्या भागात लोकांच्या तक्रारी इतक्या झाल्या की बँकेच्या तपासणी-मंडळाने चौकशी केली, आणि २००६ साली बँकेने काही काळ पैसा थांबविला. दुकानदारांचे काय, मानखुर्दच्या त्या उंच इमारतींचा खर्च कोणी भरावयाचा, कामाच्या जागेपासून इतके दूर का, हे त्या तक्रारींचे विषय. भागीदारी या शब्दाचे स्तोत्र गाणाऱ्यांनी हेही पान वाचावे. संस्था जेव्हा सरकारचे काम अंगावर घेते तेव्हा सरकारवरचा राग तिच्याकडेही येतो, आणि कधी कधी तो रास्तही असतो. भायखळ्याच्या चार घरी धुणीभांडी करणारी बाई मानखुर्दहून रोज लोकलने येऊ लागली की १९८५ च्या निकालातला तो उपजीविकेचा मुद्दा पुन्हा उभा राहतो. तिला आता छप्पर मिळाले. पण चालत जाण्याचे अंतर गेले.

आणि तारखेचे कोडे आहेच. १९९५ ची तारीख नंतर २००० झाली. २०११ पूर्वीच्यांना पैसे भरून घर देण्याचे पुढे ठरले. दर वेळी रेघ थोडी पुढे सरकते आणि रेघेच्या पलीकडे नवी माणसे येऊन राहिलेली असतात.

हे झाले फुटपाथवर संसार मांडलेल्या कुटुंबांचे. ज्यांच्यापाशी प्लास्टिकचे छप्परही नाही, जी रात्री दुकानाच्या फळीवर किंवा स्टेशनाच्या पुलाखाली पडतात, त्यांची वाट निराळी. २००९ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, दिल्लीच्या पुसा रोडवरचा एक रात्रनिवारा पाडला गेला, आणि अन्नाच्या हक्काच्या चालू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली. दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा, दिवसरात्र उघडा राहणारा एक निवारा शहरांनी उभारावा, असे आदेश निघाले. २०१३ साली केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांसाठी पैसा आला. इमारत पालिकेने द्यावी, चालवावयास संस्था घ्यावी, अशी पद्धत ठरली. दिल्लीने त्यासाठी स्वतंत्र मंडळ केले आणि पुष्कळ निवारे उभारले. मुंबईला याच मापाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्या आकड्याच्या जवळपासही हे शहर पोचलेले नाही. जागा महाग आहे हे उत्तर मिळते. ज्या शहरात कुडी आणि गावकीच्या खोल्या शंभर-शंभर वर्षे चालल्या त्या शहराकडून हे उत्तर ऐकताना विचित्र वाटते. कूड स्वस्त होती, कारण तिच्यात निजणारेच ती चालवीत. तेथे तोंडओळख होती, आणि पेटी ठेवावयास जागा होती. निवाऱ्यात पुष्कळ माणसे जावयास नाखूष असतात, आणि त्यांना विचारले तर पहिली तक्रार सामानाचीच असते : गाठोडे कोठे ठेवावे?

मोजणीचा प्रश्नही मिटलेला नाही. जनगणनेत बेघरांची गणती एका रात्रीत होते. २०११ साली ती रात्र २८ फेब्रुवारीची होती. त्या रात्री देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली, त्यांतली ९ लाख ३८ हजार शहरांत आणि मुंबईत सत्तावन्न हजारांवर. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे छप्पर असलेल्या रचनेत न राहणारा तो बेघर. आता बांबूवर ताणलेले प्लास्टिक हे छप्पर म्हणावयाचे की नाही, हे त्या रात्री त्या गणनाकाराने ठरवावयाचे. आणि पाच-सहा हजार कुटुंबे एका वॉर्डाच्या आसपास घरोघर फिरून मोजणाऱ्या बायकांनी १९८५ साली जे पाहिले ते एका रात्रीत कंदील घेऊन फिरणाऱ्याला दिसणे कठीण. २०२१ ची जनगणना त्या साली झालीच नाही; म्हणून पुढची कितीतरी वर्षे योजना आखणारे त्याच एका रात्रीच्या आकड्याचा आधार घेत राहिले.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरे पाडण्याविषयी देशभरासाठी नियम घालून दिले. पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, माणसाचे म्हणणे ऐकावे, आदेशाची कारणे लिहावी, पाडकामाचे चित्रण करावे, आणि अधिकाऱ्याने नियम मोडला तर भरपाई त्याच्याकडून घ्यावी. १९८५ च्या निकालातला ऐकून घेण्याचा मुद्दा येथे चांगला विस्ताराने आला आहे. मात्र हे नियम कोठे लागू नाहीत त्याचीही यादी आदेशात दिलेली आहे : रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेचे रूळ, नदी आणि जलाशय यांच्यावरची बांधकामे. तुळशीवाडीच्या फुटपाथवर ७०० रुपयांचे बांबू आणि प्लास्टिक उभे करणारा संगमनेरचा तो चर्मकार या यादीत तिसरा येतो.